व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) शून्य आला म्हणून गोळी बंद केलीत?

तुम्ही लिहिलंय की हिपॅटायटिस बीसाठी चार वर्षं एन्टेकाविरची गोळी चालू होती, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे रक्तात विषाणू सापडला नाही, असं आलं आणि बारा दिवसांपासून गोळी बंद आहे. वाचून पोटात गोळा आला. 2017 साली मीही हेच केलं होतं.

मी डॉक्टर नाही, भोगलेला पेशंट आहे, तेवढंच समजून वाचा.

ही गोळी विषाणूला मारत नाही. विषाणूचं पॉलिमरेज नावाचं प्रथिन त्याच्या डीएनएची नक्कल करत असतं. गोळी त्याच्या हातात खोटी वीट देते, ती लागली की पुढचं बांधकाम थांबतं. रक्तात नवे विषाणू येईनासे होतात, म्हणून लोड शून्य. पण यकृताच्या पेशीच्या केंद्रकात त्याचा गोल डीएनए तसाच बसलेला असतो, त्याला गोळी हात लावत नाही. माझी बायको म्हणते, विरजण फ्रीजमध्ये आहे तोवर ठीक, बाहेर काढलंत की लागलंच.

ते मला कोणी सांगितलं नाही. ओपीडीत माझी पाळी आली तेव्हा दोन वाजत आलेले. डॉक्टर रिपोर्टकडे एक नजर टाकून ‘छान आहे’ म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. पुढे काय, हे मी टेबलावरच्या बाईंना विचारलं, तर ‘लिहून दिलंय त्यात बघा’. कागदावर काहीच नव्हतं. छान म्हणजे बरा झालो असं मीच ठरवून टाकलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण राग अजून आहे.

गोळी बंद केल्यावर चौथ्या महिन्यात जेवण जाईना, लघवी गडद चहासारखी. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, 1100 च्या वर; एरवी ते साधारण 40 च्या आत असतं. अकरा दिवस ॲडमिट. त्यात आमच्या काकांनी काविळीचं पाणी उतरवणाऱ्याकडे न्यायचा घाट घातला, ते वेगळंच रामायण!

काहींची गोळी डॉक्टर खरंच थांबवतात. एचबीएसएजी (विषाणूच्या वरच्या आवरणाचं प्रथिन, रक्तात ते आहे का हे तपासतात) निगेटिव्ह झालं तर, किंवा काही ठरावीक पेशंटमध्ये, पण पुढे सतत रक्त तपासत राहून. तुमच्या पोस्टमध्ये एचबीएसएजीचा उल्लेखच नाही. फायब्रोस्कॅनमध्ये (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) सिरॉसिस, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण, निघालेला असेल तर हा खेळ आणखी महागात पडतो.

जाता जाता, एन्टेकाविर रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, आधी-नंतर दोन तास काही नाही. मी दोन वर्षं चहा-खारीबरोबर घेत होतो. आता रात्री झोपताना घेतो. घरच्यांची एचबीएसएजी तपासणी केलीय का? निगेटिव्ह असतील तर लशीचे तीन डोस द्या. पैशांचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमाची चौकशी करा, औषध मोफत मिळतं.

एसजीपीटी उद्याच करा, सोमवारची वाट बघू नका. आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करून ‘बारा दिवस बंद आहे’ हे स्पष्ट सांगा. ओरडतील, ओरडू देत.