कुळागरातलं यंत्र रिझ्युमेत परत घाल

"मावशी, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन टेस्ट ऑगस्टपासून सुरू होतील. माझा मावसभाऊ झुआरीनगरला बिट्समध्ये, म्हणजे बिट्स पिलानीच्या गोव्यातल्या कॉलेजात शिकतो. त्याच्याशी बोललं की वाटतं, आपण कुठेच नाही. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होते, इंग्रजी बोलताना अजून जीभ अडते. रिझ्युमेत दोन प्रोजेक्ट होते. एक बाबांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मातीचा ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारं यंत्र, दुसरा चेहरा ओळखून हजेरी घेणारा प्रोग्राम. मैत्रिणी म्हणाल्या, कुळागराचं गावठी वाटतं. नाहीतरी महिन्याभरात सेन्सरच्या दांड्या हिरव्या पडून ते बंदच पडलं होतं, म्हणून काढलं. हजेरीचा बराचसा कोड मात्र इंटरनेटवरून घेतलेला आहे. त्यात टेस्ट नेमक्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आसपास, आणि घरी धड रेंज नाही. रात्री झोप लागत नाही. काय करू?"

बाय, तुझ्या झोपेची काळजी वाटलीच, पण माझं लक्ष अडकलं ते "काढलं" या शब्दावर. कुळागराचं यंत्र आजच परत घाल आणि हजेरीचा प्रोग्राम काढून टाक.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असताना मी बरीच वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. हजेरीचा प्रोग्राम रिझ्युमेमागून रिझ्युमेत भेटायचा. एका मुलाला मी विचारलं, "पाठीमागच्या खिडकीतून ऊन आलं तर चेहरा ओळखतो का रे?" तो गप्प. "किती फोटो देऊन शिकवलंस?" तेही त्याला सांगता येईना. मुलगा हुशार होता, पण त्या कागदावर त्याचं स्वतःचं काही नव्हतं. त्याला घेता आलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

आता तुझं यंत्र बघ. मी समोर असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता की दांड्या हिरव्या का पडल्या? याचं उत्तर तुला बारावीच्या रसायनशास्त्रात सापडेल. दांड्यांमधून सतत डीसी प्रवाह चालू होता, माती ओली, म्हणजे तू मातीत विद्युत अपघटनच मांडून बसली होतीस. तांबं झिजत गेलं, रीडिंग सरकत गेलं आणि एक दिवस पंप भलत्याच वेळी सुरू झाला असेल. मग उपाय काय? मोजण्यापुरता क्षणभरच करंट द्यायचा, नाहीतर ज्याचं तांबं मातीला लागतच नाही असा कपॅसिटिव्ह सेन्सर लावायचा. पुढचे प्रश्न यातूनच निघतात. पंप सुरू होताना बोर्ड रीसेट व्हायचा का? रिलेला ऑप्टोकपलर, म्हणजे पंपाकडचा झटका बोर्डपर्यंत येऊ न देणारा भाग, होता का? "कोरडी" म्हणजे नक्की किती, हा आकडा कुठून आणलास? कुळागर उतारावर असेल तर वरच्या टप्प्यातली माती आधी सुकते, मग सेन्सर कुठल्या पोफळीच्या आळ्यात पुरलास आणि का? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातांना आधीच माहीत आहे. मैत्रिणी ज्याला गावठी म्हणाल्या, त्याला कंपनीत फील्ड टेस्टिंग म्हणतात.

सध्या पावसात कुळागरात ओलावा काय मोजणार म्हणा! पडवीत दोन कुंड्या ठेव. एकीत जुन्यासारखी दांडी, सतत करंट चालू. दुसरीत तशीच दांडी, पण करंट तासाला एकदाच. दोन्हींचं रीडिंग रोज वहीत लिही आणि दर रविवारी दांड्यांचे फोटो काढ. कॉलेजच्या दिवसांत हे काम आईला सांग, ती करेल. तीन-चार आठवड्यांनी तुझ्याकडे बिघाड, त्याचं कारण, उपाय आणि पुरावा असं सगळं असेल. रिझ्युमे एकाच पानाचा ठेव, त्यात याला चार ओळी पुरे.

टेस्टचा अभ्यास मात्र वेगळा करावा लागेल, तिथे कुळागर कामाला येणार नाही. सॉफ्टवेअरच्या कंपन्या अॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, रिकर्शन, ट्री-ग्राफ विचारतात. हार्डवेअरकडच्या कंपन्या डिजिटल सर्किट, सी मधले पॉइंटर, इंटरप्ट, आणि चिप एकमेकींशी बोलतात त्या आयटूसी-एसपीआय पद्धती. दोन्हींच्या मागे धावू नकोस, एक धर. रोज दोनच प्रश्न घे, पण आधी कागदावर सोडव आणि मगच कीबोर्डला हात लाव. जो सुटला नाही, तो दोन आठवड्यांनी उत्तर न बघता पुन्हा सोडव. अॅप्टिट्यूडला रोज अर्धा तास घड्याळ लावून बस.

इंग्रजीचं म्हणशील, तर माझीही प्राथमिक शाळा मराठीच, त्यामुळे ती अडलेली जीभ मला ठाऊक आहे. पण बऱ्याचदा जीभ इंग्रजीमुळे अडत नाही, सांगायचं काय तेच नक्की नसतं म्हणून अडते. घरी आजी असेल तर तिला हे यंत्र मराठीत समजावून सांग. तिला कळेपर्यंत सांग. मग तेच साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, दहाव्यांदा ऐकवेल. मुलाखतीत प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार. येत नसेल तर येत नाही म्हण, आणि शोधायचं झालं तर कुठून सुरुवात करशील ते सांग. असं सांगणाऱ्या मुलांना आम्ही आनंदाने घेतलं आहे.

मावसभावाचं दडपण घेऊ नकोस. बिट्समध्ये प्रॅक्टिस स्कूल आहे, १९७३ पासूनची पद्धत. दुसरं वर्ष संपलं की उन्हाळ्यात दोन महिने मुलं कंपन्यांत, संशोधन संस्थांत जाऊन काम करतात. म्हणजे तुला ज्या दाराची भीती वाटते, ते दार त्याच्या कॉलेजने त्याला आधीच उघडून दाखवलं आहे किंवा लवकरच दाखवेल. तो हुशार आहेच, पण तुमच्यातलं बरंचसं अंतर या सवयीचं आहे. त्यालाच सांग, रविवारी एक तास माझी खोटी मुलाखत घे, कडक घे. मावसभाऊ आहे, नाही म्हणणार नाही.

चवथीबद्दल बाबांशी आत्ताच बोल, आयत्या वेळी नको. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला, नेवऱ्या करायला तू हवीच असशील, पण टेस्टच्या दिवशी आदल्या रात्रीच फर्मागुडीच्या मैत्रिणीकडे नाहीतर वाळपईत कुणा नातेवाइकांकडे जा. लॅपटॉप पूर्ण चार्ज, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन फोन जवळ. घरी आरती चालू असताना, रेंजसाठी अंगणात फिरत टेस्ट द्यायची नाही.

आणि "पैसे भरा, इंटर्नशिप देतो" म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नकोस. मोठ्या कंपनीत नाही जमलं तर वेर्ण्याला, कुंडईला कारखाने आहेत, एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं, इंटर्नशिप पोर्टल आहे. मे महिना रिकामा जाऊ देऊ नकोस.

या शनिवारी घरी जाशील तेव्हा पंपाच्या खोलीत ती जुनी, हिरवी पडलेली दांडी शोध. आईने टाकली नसेल तर कागदात गुंडाळून बॅगेत ठेव. मुलाखत समोरासमोर झाली तर टेबलावर ठेवता येईल, ऑनलाइन झाली तर कॅमेऱ्यासमोर धर.