वाचकांचे प्रश्न : दूध पिशवीतले, खोक्यातले आणि बाटलीतले

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षी टोरांटोजवळ राहायला गेली. तिकडेही दूध प्लास्टिकच्या पिशवीत मिळते, असे तिने कळवले तेव्हा आम्हांला नवल वाटले. कॅनडासारख्या देशात आपल्यासारखीच पिशवी कशी? शिवाय ती मंडळी ते दूध न तापवताच पितात. हे योग्य आहे का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या मुलीने कळवले ते खरे आहे, मात्र ते सबंध कॅनडाला लागू पडत नाही. ऑन्टारियो, क्वेबेक आणि अटलांटिक किनाऱ्याकडचे प्रांत एवढ्या पूर्वेकडील पट्ट्यात पिशवीतले दूध रुळलेले आहे. पश्चिमेकडे गेल्यास बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे कॅन आणि कागदी खोकेच दिसतात. पूर्वी तिथेही दूध काचेच्या बाटल्यांतून येत असे. बाटल्या जड, फुटणाऱ्या आणि परत गोळा करून धुवाव्या लागणाऱ्या. १९६७ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या कॅनडातील शाखेने पातळ प्लास्टिकच्या पिशव्या बाजारात आणल्या, पण त्यांचा खरा प्रसार झाला तो पुढच्या दशकात, आणि त्याचे कारण दुधापेक्षा मापांशी अधिक निगडित होते. १९७० च्या दशकात कॅनडाने पाइंट आणि क्वार्ट ही जुनी मापे सोडून लिटरचा स्वीकार केला. बाटली किंवा कॅन यांचे माप बदलायचे म्हणजे नवे साचे करावे लागतात. पिशवीच्या यंत्रात मात्र दोन जोडांमधले अंतर कमी-जास्त केले की काम भागते. दुग्धशाळांनी सोयीचा मार्ग पत्करला आणि ग्राहकांना त्याची सवय झाली.

तरीही ती पिशवी आणि आपली पिशवी यांत मोठा फरक आहे. तिथे एका मोठ्या पिशवीत तीन लहान पिशव्या मिळून ४ लिटर दूध मिळते, म्हणजे प्रत्येक पिशवीत सुमारे सव्वा लिटरहून थोडे अधिक. घरी आणल्यावर त्यांतली एक पिशवी तशीच न उघडता एका जगमध्ये उभी ठेवतात, वरचा कोपरा कात्रीने किंचित कापतात आणि दोन-तीन दिवस त्याच जगमधून दूध ओतून घेतात. म्हणजे त्यांच्याकडे पिशवी हेच दुधाचे भांडे असते. आपल्याकडे पिशवी केवळ डेअरीपासून ओट्यापर्यंतच्या प्रवासापुरती असते. घरात आल्याबरोबर ती पातेल्यात रिकामी होते. आपली पिशवी अर्ध्या लिटरची का आणि त्यांचा गठ्ठा ४ लिटरचा का, याचे उत्तर यातच आहे : आपण रोज रतीब घेतो, ते आठवड्याचा बाजार एकदाच करतात. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या बाहेरच्या मोठ्या पिशव्या टाकून न देता त्यांच्या पट्ट्या कापून विणलेल्या चटया गरजू देशांना पाठवण्याचा उद्योग तिथे अनेक स्वयंसेवी गट करतात. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आज्यांना तो सहज समजला असता.

आता तापवण्याविषयी. पिशवीतले दूध, तिथले असो वा इथले, बहुधा ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेले असते. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. त्याने रोगजंतू मरतात, पण सगळे जंतू मरत नाहीत. उरलेले थंडीत सुस्त पडून राहतात आणि ऊब मिळताच वाढू लागतात. म्हणून डेअरीपासून आपल्या फ्रिजपर्यंत दूध सलग थंड राहिले, तर ते न उकळता पिण्यास हरकत नसते. आपली मुलगी काही चूक करत नाही. आपल्याकडे मात्र पहाटेच्या टेम्पोतून उतरलेले क्रेट पायरीवर किती वेळ पडून होते, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि दूध आणल्याबरोबर तापवण्याची रीत तर सुट्या दुधाच्या काळापासून चालत आलेली आहे. ती रीत सोडण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे.

प्रश्न : मुलाकडे फ्रान्सला गेलो होतो. तिथे दुकानात दुधाचे खोके फ्रिजबाहेर, बिस्किटांच्या शेजारी रचलेले होते आणि त्यांवर काही महिन्यांपुढची तारीख होती. नक्कीच त्यात काही औषध मिसळत असणार. खरे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : औषध मिसळत नाहीत. हा सारा परिणाम उष्णतेचा आणि खोक्याचा आहे, आणि त्यांतले एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही. हे दूध १३५ अंशांहून अधिक तापमानाला केवळ काही सेकंद नेतात. त्यात जंतूच नव्हे, तर साध्या उकळण्याला दाद न देणारे त्यांचे बीजाणूही मरतात. पण असे दूध उघड्या हवेत बाटलीत ओतले, तर हवेतले जंतू त्यात पुन्हा शिरतील. म्हणून खोक्याचा कागदही आधी निर्जंतुक करतात आणि बंदिस्त जागेतच दूध भरून खोका सीलबंद करतात. त्या खोक्यात कागदाचा पुठ्ठा बळकटीसाठी, प्लास्टिकचे पातळ थर ओल रोखण्यासाठी आणि केसाहूनही बारीक असा ॲल्युमिनियमचा पापुद्रा प्रकाश व प्राणवायू अडवण्यासाठी असतो.

या खोक्याचा जन्म स्वीडनमधील लुंड या गावचा. रूबेन राउसिंग यांनी १९५१ मध्ये तिथे टेट्रा पॅक ही कंपनी स्थापन केली. पहिला खोका विटेच्या आकाराचा नव्हता. तो समोशासारखा, चार त्रिकोणी बाजूंचा होता, आणि ग्रीक भाषेत ‘चार’ या अर्थाचा ‘टेट्रा’ हा शब्द कंपनीच्या नावात आला तो त्यामुळेच. हा आकार शोभेसाठी निवडलेला नव्हता. कागदाची एक सलग नळी करायची, ती दुधाने भरत जायची आणि ठरावीक अंतरावर एकदा आडवी, एकदा उभी अशी दाबून चिकटवायची, की आपोआप असे समोसे सुटे होतात. चिकटवण्याचे काम दुधाच्या पातळीखाली होत असल्याने आत हवा राहत नाही. आपली पिशवीही अशाच नळीतून तयार होते, फक्त तिचे सगळे जोड एकाच दिशेने असतात. त्रिकोणी पुडे सोव्हिएत रशियात घरोघरी पोचले, पण ते रचणे अवघड जाई आणि त्यांच्यासाठी षट्कोनी टोपल्या लागत. विटेसारखा खोका आला तो १९६३ मध्ये, आणि दशक संपता संपता तो फ्रिजविना टिकणाऱ्या दुधासाठीही वापरात आला.

फ्रान्स, स्पेन, बेल्जियम या देशांत हेच दूध जास्त खपते, तर ब्रिटनमध्ये लोक अजून ताज्या, थंड दुधाचाच आग्रह धरतात. ज्याच्या-त्याच्या जिभेचा हा प्रश्न आहे. अतिउष्णतेमुळे या दुधाला किंचित तापून गेल्यासारखा वास येतो, आणि आमच्या अनुभवात त्याचे दही लागते खरे, पण पातळ राहते. खोका एकदा उघडला की ते कोणत्याही दुधासारखेच असते; फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

प्रश्न : भांड्याशिवाय दूध विकता येईल का? वर्गात आमची पैज लागली आहे.
– एक विद्यार्थी, इयत्ता आठवी, रत्नागिरी

उत्तर : येईल. सायबेरियातील याकुत्स्क शहरात हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या बाजारात दूध गोठवून त्याच्या थाळीएवढ्या चकत्या विकतात; गिऱ्हाईक चकती घरी नेऊन वितळवते. रत्नागिरीत हा व्यापार चालणार नाही, पण पैज तू जिंकलास. भांडे गिऱ्हाइकानेच आणायचे, हा दुसरा प्रकार. दिल्लीत मदर डेअरीच्या केंद्रांवर यंत्रात टोकन टाकून आपल्या किटलीत दूध घेण्याची सोय १९७० च्या दशकापासून आहे, आणि केनियातील शहरांत अशाच यंत्रांना लोक ‘मिल्क एटीएम’ म्हणतात. तिथे खिशात असतील तेवढ्या पैशांचे दूध मिळते.

प्रश्न : लहानपणी आम्ही मुंबईत आरेच्या केंद्रावर रिकाम्या बाटल्या देऊन भरलेल्या बाटल्या आणत असू. आता पुन्हा काचेतले दूध महागड्या दुकानांत दिसते. ते खरोखर चांगले का?
– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

उत्तर : काचेला स्वतःचा वास नसतो आणि ती कितीतरी वेळा धुऊन वापरता येते, हे तिचे गुण. तिचा मोठा दोष असा, की तिच्यातून उजेड आत शिरतो. दुधातले ब-२ जीवनसत्त्व उजेडात नष्ट होते आणि दुधाला उग्र वास येतो. म्हणून पारदर्शक बाटली उन्हात किंवा दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली ठेवलेली असेल, तर ती घेऊ नये. ब्रिटनमध्ये भल्या पहाटे विजेवर चालणाऱ्या गाडीतून दारात बाटल्या ठेवून जाणारा दूधवाला प्रसिद्ध होता. तिथल्या निळ्या टिट पक्ष्यांनी बाटल्यांची बुचे चोचीने फोडून वरची साय पळवल्याची पहिली नोंद १९२१ ची आहे, आणि ही विद्या पुढे देशभरच्या पक्ष्यांत पसरली. सुपरमार्केट आणि घरोघरचे फ्रिज आल्यावर तो दूधवाला जवळजवळ नाहीसा झाला.

बाटली पर्यावरणाला बरी की पिशवी, याचे उत्तर बाटली परत येते की नाही यावर अवलंबून आहे. आरेची पद्धत चालली, कारण रिकामी बाटली दिल्याखेरीज भरलेली हातात पडत नसे. जर्मनीत आजही दुधाच्या परत करायच्या काचेच्या बाटलीवर १५ सेंट अनामत घेतात, आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या दूधबाटल्यांवरही १ जानेवारी २०२४ पासून २५ सेंट अनामत लागू झाली आहे. जी बाटली एकदा वापरून कचऱ्यात जाते, तिच्यापेक्षा काही ग्रॅम वजनाची पिशवी केव्हाही परवडली. महाराष्ट्रानेही २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला ५० पैसे परतीची तरतूद केली होती, परंतु आठ आण्यांसाठी रिकामी पिशवी धुऊन, वाळवून दुकानात नेणारी घरे आमच्या पाहण्यात तरी फारशी नाहीत. रद्दीवाला मात्र या पिशव्या घेतो. त्या देताना एवढे पाहावे : पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, तो पिशवीला लोंबत राहील असा तिरका छेद द्यावा. वेगळा झालेला तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही आणि तो मोरीतून थेट गटारात जातो.