नाकावरचा फोड आणि वडिलांचे वय

प्रश्न : माझे वडील ८२ वर्षांचे आहेत आणि त्यांचे सारे आयुष्य मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यात गेले. नाकपुडीच्या कडेला वर्षभर न भरलेल्या, खपली निघाली की रक्त येणाऱ्या फोडाचा तुकडा तपासल्यावर ‘बेसल सेल कार्सिनोमा’ म्हणजे त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग, असे निदान झाले. हृदयविकारासाठी ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. शस्त्रक्रियेला त्यांची तयारी नाही. नुसत्या रेडिएशनने भागेल का, आणि या वयात ते सोसेल का?

उत्तर : बहुधा भागेल, आणि सोसेलही. हा कर्करोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, मात्र दुर्लक्ष केल्यास जागच्या जागी नाकाची कूर्चाही (आतले लवचीक हाड) पोखरतो. त्यामुळे वयाकडे बोट दाखवून तो तसाच सोडू नये. शस्त्रक्रिया हाच पहिला पर्याय मानला जातो, आणि ती बहुतेकदा जागा बधिर करून होते, म्हणून केवळ त्या गोळीमुळे ती बाद ठरत नाही, हे वडिलांना एकदा सांगून पाहा. तरीही ते नाहीच म्हणाले, तर लहान गाठीत किरणोपचारांनी दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांचा आजार आटोक्यात येतो.

यात त्वचेच्या वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचणारे क्ष-किरण किंवा इलेक्ट्रॉन गाठीवर आणि तिच्याभोवतीच्या थोड्या निरोगी त्वचेवर सोडतात, बाकीचा चेहरा शिशाच्या पत्र्याने झाकतात आणि जागा डोळ्याजवळ असेल तर डोळ्यावरही शिशाचे आवरण ठेवतात. प्रत्येक वेळी किरण काही मिनिटेच दिले जातात. ते दुखत नाहीत आणि त्यानंतर नातवंडाला मांडीवर घ्यायलाही हरकत नसते.

खरा प्रश्न खेपांचा आहे. तोच उपचार वीस खेपांत देता येतो, तसा दहा किंवा पाच खेपांतही देता येतो. खेपा कमी केल्या की दर खेपेची मात्रा वाढते आणि काही वर्षांनी ती जागा अधिक फिकट, पातळ दिसू शकते. पण ८२ व्या वर्षी मालवणहून रोजचा प्रवास टळणे मला त्याहून मोलाचे वाटते. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा.

उपचारांच्या शेवटी जागा लाल होऊन चिघळते, खपली धरते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत भरते. तेवढे दिवस खपली खरवडू नये, उन्हात टोपीशिवाय जाऊ नये. त्याच जागी पुन्हा किरण देणे सहसा टाळतात, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नका. वडिलांना पेसमेकर बसवलेला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.