बरं वाटलं की नजर वळवावी?

"ताई, मी ४६ वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आले. आता गंगापूर धरणावर संध्याकाळचा उजेड पाहिला की छातीत ऊब पसरते, अंगावर शहारा येतो. लगेच वाटतं, ही आसक्ती! मग नजर वळवते. मिस्टर ओट्याशी मागून येऊन खांद्यावर हात ठेवतात. बरं वाटतं, तरी मी आखडते. 'तू दगड झालीस' म्हणतात. माझं काय चुकतंय?"

दगडाच्या अंगावर शहारा येत नाही हो. तुमच्या येतो.

नजर वळवण्याला तुम्ही समता, म्हणजे मनाचा तोल, समजताय. इगतपुरीच्या त्या केंद्रात, धम्मगिरीवर, १९७६ पासून शिकवतात ते वेगळं आहे. संवेदना सुखद असो वा दुःखद, ती जाणायची, चिकटायचं नाही आणि झिडकारायचंही नाही. तुम्ही आसक्तीच्या भीतीने थेट द्वेषावर, म्हणजे झिडकारण्यावर, जाऊन बसलात! शंका राहिली तर शिबिर घेणाऱ्या सहायक आचार्यांना विचारा, तेही हेच सांगतील.

शिवाय शिबिराचे नियम परतीच्या वाटेवर घोटीलाच उतरवायचे, ते तुम्ही स्वयंपाकघरापर्यंत आणलेत. कुणाला स्पर्श नाही, पूर्ण ब्रह्मचर्य, हे शिबिरापुरतं. घरी परतलेल्या गृहस्थासाठी पंचशीलात व्यभिचार वर्ज्य आहे. स्वतःच्या नवऱ्याचा खांद्यावरचा हात त्यात कुठून आला?

पुढच्या वेळी धरणावर फोन पर्समध्येच राहू द्या. डोळ्याला एका वेळी अगदी लख्ख दिसतं ते फार थोडं, लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढं. बाकीचं आपण नजर फिरवून जुळवत असतो. म्हणून सगळं धरण एकदम बघायला जाऊ नका. पाण्यावरची एकच चमकती रेघ धरा. दात आवळलेले असतील तर जबडा सैल सोडा. मग ऊब कुठे उठते ते पाहा, छातीत मधोमध की गळ्यापाशी? पसरतेय की ओसरतेय? ती ओसरणारच. ओसरताना 'अजून हवी' अशी ओढ जाणवली, तर तुम्ही जिला घाबरता ती हीच. तिलाही बघा. पण त्याआधीचं सगळं निव्वळ सुख होतं, त्यात वावगं काही नव्हतं.

आता मिस्टरांचं. फोडणी करपत असताना मागून हात आला तर कोणीही आखडेल, त्यात अध्यात्म शोधू नका. त्यांना समोरून यायला सांगा, आणि थाप नको, हात सावकाश फिरवू द्या. आपल्या त्वचेत हळुवार स्पर्श टिपणारे वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीला ते सर्वांत छान प्रतिसाद देतात. तेव्हाही तेच करा, ऊब कुठे पोचते ते पाहा. एखाद्या दिवशी खरंच नकोसं वाटलं तर सरळ 'आज नको' म्हणा.

हे त्यांच्याशी चहाच्या वेळी बोला, शिबिरातला एकही शब्द न वापरता. "मला आवडतं, पण मी घाबरून आखडते" एवढं पुरे.