ग्लासगोत सेल्टिकचा व्हावं की रेंजर्सचा?

सप्टेंबरात एमएससीसाठी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला निघालेला एक मुलगा विचारतोय की तिथल्या लोकांत मिसळायचं तर दोन मोठ्या फुटबॉल क्लबांपैकी आयरिश कॅथलिकांच्या हिरव्या सेल्टिकची बाजू घ्यावी की प्रोटेस्टंटांच्या निळ्या रेंजर्सची, आणि हे क्लब मॅनेजरला चार-सहा महिन्यांत घरी का पाठवतात. एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण हाच वाद आमच्या घरात गेली कित्येक वर्षं ताटावर बसलाय, त्यामुळे लांबण लागणार. वयानं लहान असणारच तू, म्हणून अरे-तुरे करतो.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठ, पाटाकडील तालीम. कोल्हापूरकराला एवढं पुरे. बाकीच्यांना सांगायचं तर आमच्याकडं फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा असतो. शाहू स्टेडियमवर कुणाच्या नावानं ओरडायचं हे तुम्ही ठरवत नाही, ज्या गल्लीत जन्मलात ती ठरवते. बायको शिवाजी पेठेतली, माहेर खंडोबा तालमीचं. पत्रिका जुळली पण तालीम जुळली नाही, असं माझा चुलता अजून म्हणतो.

2010 ला ग्लासगोला आलो तेव्हा परवडेल अशी खोली मेरीहिलला मिळाली. पहिल्याच शनिवारी भांडी घासताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिव्यांचे उंच खांब पेटलेले दिसले आणि पाठोपाठ गलका ऐकू आला. त्या गलक्यात माणसं थोडी होती, पण मनापासून वैतागलेली होती. तो आवाज मी कुठंही ओळखीन. हात पुसले आणि गेलो. मैदानाचं नाव फरहिल, संघ पार्टिक थिसल, लाल-पिवळा. मैदानाला लागूनच कालवा जातो. म्हणजे इथंही मी पाटाकडीलच! शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं काही न विचारता आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. दुसऱ्या हाफमध्ये एकदाच बोलला. 1971 च्या लीग कप फायनलला तो दहा वर्षांचा होता, हॅम्पडेन मैदानावर बापाच्या खांद्यावर. मध्यंतराला थिसल 4, सेल्टिक 0. शेवटी 4-1. त्यानंतर आजतागायत आपण त्याच्यावरच दिवस काढतोय, म्हणाला.

ही झाली माझी बाजू. मी ती निवडली नाही. भाडं कमी होतं म्हणून ती पदरात पडली.

आता मेव्हणा. 2018 मध्ये तो नोकरीला इथं आला आणि त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलचा जुना कप्तान स्टीव्हन जेरार्ड रेंजर्सचा मॅनेजर झाला. पठ्ठ्या कोल्हापुरात असल्यापासून टीव्हीवर लिव्हरपूलचा भक्त. झालं, देव जिकडं तिकडं पुजारी. महिन्याभरात निळा शर्ट, निळा मफलर, आणि ज्या गाण्यांचा अर्थ ठाऊक नाही ती गाणी. मी म्हटलं, अरे त्यातली काही गाणी आयरिश कॅथलिकांना शिव्या देणारी आहेत, नीट ऐक तरी. तर म्हणतो, "दाजी, मी हरायला सातासमुद्रापार आलेलो नाही." वर पुन्हा मलाच टोमणा: "तुमचा पार्टिकचा संघ 1909 पासून पार्टिकमध्येच नाही. स्वतःची पेठ सोडून मेरीहिलला येऊन बसलाय आणि तुम्ही मला पेठ शिकवताय!"

हे खरं आहे. याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

पण तो माझ्यावर बोलला याचं एवढं नाही. 2019 ला माझ्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला मामानं खोक्यातून निळा शर्ट काढला, पाठीवर पोराचं नाव छापून. पोर चार दिवस तोच घालून झोपलं. मी त्याला फरहिलला नेत होतो, लहान मुलांना तेव्हा तिथं फुकट सोडायचे, पण आमचा संघ हरायचा आणि मामाचा जिंकायचा. 2020-21 ला तर रेंजर्स एकही सामना न हरता लीग जिंकले. त्यांची 55 वी. सहा-सात वर्षांच्या पोराला निष्ठा कशी समजावणार?

मग आला 12 फेब्रुवारी 2023, रविवार. स्कॉटिश कप, रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स विरुद्ध थिसल. मी पाहुण्यांच्या कोपऱ्यात एकटा. समोर कुठंतरी हजारो निळ्यांत मामा-भाचे. पहिला गोल आमचा, पेनल्टीवर. मग त्यांनी बरोबरी केली. त्यानंतर जे घडलं ते यूट्यूबवर सापडेल. खेळ थांबून नुकताच पुन्हा सुरू झाला होता, आमचा केव्हिन होल्ट रिवाजाप्रमाणे चेंडू त्यांना परत द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात मलिक टिलमननं तो पायातून काढून घेतला आणि जाऊन गोल मारला. मैदानात ढकलाढकली. रेंजर्सचा मॅनेजर मायकल बीलनं आपल्या खेळाडूंना सांगितलं, यांना एक गोल करू द्या. मग आमचा टिफनी चेंडू घेऊन चालत निघाला आणि सगळे निळे शर्ट पुतळ्यासारखे उभे. बावीस माणसांच्या मैदानात एकटा माणूस अंगणात फेरी मारावी तसा चालत गेला आणि जाळ्यात चेंडू ठेवून आला. मी आयुष्यात असा लाजिरवाणा गोल पाहिलेला नाही. तरी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. शेवटी 3-2 नं हरलो.

घरी आल्यावर पोरानं विचारलं, "बाबा, फुकटचा गोल मोजतात का?"

बायकोनं मटण केलं होतं. दुसरी भाकरी मोडत होतो तेवढ्यात फोन थरथरला. आमचा मॅनेजर इयान मॅकॉल याला काढलं. त्याच संध्याकाळी! आयब्रॉक्सवर तोडीस तोड खेळून, रस्सा गार व्हायच्या आत. मेव्हण्यानं नळी चोखता चोखता निकाल दिला: "बरोबर केलं. कंपनीत टार्गेट झालं नाही तर तुम्हाला ठेवतात का दाजी?" मी भडकलो. माणूस म्हणजे काय आंबा आहे, चोखला आणि कोय फेकली? बराच वेळ चाललं आमचं. शेवटी बायकोनं रश्श्याचं पातेलं उचलून आत नेलं, तेव्हा थांबलो.

जे त्या रात्री बोललो नाही ते इथं लिहितो. जानेवारीत फरहिलच्या थंडीत "काढा याला" म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो, घसा बसेपर्यंत. त्यामुळं मॅकॉल गेला तेव्हा मला राग त्याच्यासाठी आला की मामासमोर हरलो म्हणून, हे मला अजून धड सांगता येत नाही. पुढं क्रिस डूलननं संघ हातात घेतला आणि थेट वरच्या लीगमध्ये बढती मिळवायच्या फायनलपर्यंत नेला. "बघा, काढल्याचा फायदा झाला," मेव्हणा. फायनल दोन सामन्यांची, रॉस काउंटीशी. दुसऱ्या सामन्यात वीस मिनिटं उरली असताना दोन्ही मिळून 3-0 नं पुढं होतो. तिथून त्यांनी तीन गोल फेडले आणि पेनल्टीवर आम्ही हरलो. मी मेव्हण्याला फोन केला, "झाला ना फायदा?" पुढं फेब्रुवारी 2025 मध्ये डूलनलाही नारळ मिळाला. आणि तो फुकटचा गोल देणारा सज्जन बील? 2023 च्याच ऑक्टोबरात रेंजर्सनं त्यालाही काढलं.

तुझा दुसरा प्रश्न इथंच येतो. 1985 ला ॲलेक्स फर्ग्युसनच्या ॲबर्डीननं लीग जिंकली, त्यानंतर 2025 पर्यंतची चाळीस वर्षं सेल्टिक नाहीतर रेंजर्स, तिसरं नाव नाही. दोघांच्या शर्यतीत दुसरा म्हणजे शेवटचाच. शिवाय युरोपातल्या पात्रता फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये असतात, मोठा पैसा तिथं, आणि नवा मॅनेजर तेव्हा खेळाडूंची नावं पाठ करत असतो. 2017 च्या जुलैत पेद्रो कायशिन्याचे रेंजर्स लक्झेंबर्गच्या एका चिमुकल्या क्लबाकडून हरून बाहेर पडले आणि तो झुडपात उभा राहून चाहत्यांशी हुज्जत घालतानाचा फोटो जगभर फिरला. तेव्हाच त्याचं भविष्य ठरलं होतं. 2025 मध्ये रसेल मार्टिन जूनला आला, ऑक्टोबरात गेला, आणि शेवटच्या सामन्यानंतर त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर काढावं लागलं. सेल्टिकवाल्यांनी हसू नये. 2000 साली घरच्या मैदानावर खालच्या विभागातल्या इन्व्हरनेसकडून हरल्यावर मॅनेजर जॉन बार्न्सला त्यांनी दोन दिवस दिले.

आणि हे फक्त खेळाचं नाही. ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोन नवे सहकारी एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, शाळा कुठली? नावात 'सेंट' आलं की कॅथलिक, समोरच्याला हवं ते कळलं. 1918 च्या कायद्यानं कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या, पण वेगळ्याच राहिल्या. आपल्याकडं आडनाव विचारतात तसंच ते. हे लक्षात आल्यावर मला ग्लासगो जरा जास्तच ओळखीचं वाटायला लागलं, आणि ती काही सुखाची ओळख नव्हे.

सेल्टिक 1887 मध्ये निघाला तो एका धर्मबंधूनं, पूर्व ग्लासगोतल्या आयरिश निर्वासितांच्या उपाशी पोरांना जेवण मिळावं म्हणून. 1936 मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम त्यांच्या राखीव संघातून अनवाणी खेळला, पायाला नुसत्या पट्ट्या बांधून. उलट रेंजर्सनं 1989 ला मो जॉन्स्टनला घेईपर्यंत कितीतरी दशकं नावाजलेला कॅथलिक खेळाडू घेतला नाही, आणि घेतला तेव्हा त्यांच्याच काही चाहत्यांनी मफलर जाळले. मग परक्या मुलखातून आलेल्या माणसानं कुणाकडं जावं, हे मेव्हण्याला मी शंभरदा विचारलंय. तो म्हणतो, ते आजोबांचं झालं, आता संघात सगळ्या जातीधर्माचे आहेत. हेही खोटं नाही.

तरी माझं मत आहे की दोन्ही नको. येऊन दोन महिने झालेल्या माणसानं दुसऱ्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या भांडणाचा झेंडा दुकानातून विकत घ्यायचा म्हणजे भाड्यानं रडणाऱ्या बायका आणण्यासारखं आहे. उगवत्या सूर्याला नमस्कार करायचाच तर टीव्ही आहे की! जिथं खोली मिळेल तिथून चालत जाता येईल असं मैदान शोध. आणि मेव्हण्या, तू हे वाचणारच आहेस: पोराच्या पाठीवर नाव छापायच्या आधी त्याच्या बापाला विचारायचं असतं.

आता राहिलेलं. तुला खोली गोव्हनला मिळाली तर आयब्रॉक्स दाराशी असेल, मग माझ्याच न्यायानं तू रेंजर्सचा. होऊ दे. लॉकडाउनमध्ये आम्ही तिघं आजारी असताना दारात दूध-पाव ठेवून जाणारा शेजारी पक्का रेंजर्सवाला होता, आणि माझा सेल्टिकवाला बॉस ज्या दिवशी संघ हरतो त्या दिवशी रजा मंजूर करत नाही. म्हणजे गाणी-बिणी मी वर म्हटलं ते सगळ्यांना लागू धरू नकोस. पोरगाही आता दोन्हीकडं जातो. मोठ्या सामन्याला मामाबरोबर, पाऊस असला की माझ्याबरोबर, का ते विचारलं नाही.

फरहिलला यायचं तर सबवेनं सेंट जॉर्जेस क्रॉसला उतर आणि मेरीहिल रोडनं चालत ये. निळं-हिरवं काही घालू नकोस. मैदानावर मिळणारं बोव्हरिल हे गरम पेय गोमांसाच्या अर्काचं असतं, चालत नसेल तर चहा घे. स्कॉच पाय, म्हणजे आत खिमा भरून भाजलेली कणकेची वाटी, परंपरेनं मटणाची, कोल्हापूरकराच्या पोटाला चालते; पण गोमांसाचीही असते, विचारून घे. फक्त कडेनं चाव, वरून चावलास की आतला रस मनगटापर्यंत ओघळतो.