पंचगंगेवर बाटल्या भरणारी मुलगी

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. मुलगी कोल्हापुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते, प्रोजेक्टसाठी दर पंधरा दिवसांनी पंचगंगेवर पाण्याचे नमुने घ्यायला जाते, संध्याकाळी चिखलाने माखून, उन्हाने रापून घरी येते. नातेवाईक विचारतात, "एवढं शिकून बाटल्याच भरायच्या होत्या का?" गाईडना भेटून विषय बदलून घ्यावा, कॉम्प्युटरवर होईल असं काहीतरी मागावं, असं तुमच्या मनात आहे.

विषय बदलायला लावू नका, ताई. आधी त्या बाटल्यांबद्दल सांगते.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर नुसती बाटली भरून घरी आणून चालत नाही. काचेची बाटली पाण्यात बुडवून, आत एक बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरायची आणि तिथेच उभं राहून तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असला तर तपकिरी साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, धरतो. साका पांढराच राहिला, तर त्या पाण्यात माशाला श्वास घ्यायला काही उरलेलं नाही. मी विद्यार्थिनी असताना एका नाल्याच्या तोंडाशी असा पांढरा साका पहिल्यांदा पाहिला, तेव्हा कितीतरी वेळ बाटली हातात धरून उभी होते.

बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरचं पाणी तुंबतं, त्यात सांडपाणी मिसळतं. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. शिवाय एकाच जागेचा आकडा पहाटे वेगळा, दुपारी वेगळा, कारण शेवाळ उजेडात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर वापरतं. म्हणून दुपारी दोनचा चांगला आकडा कुणी पुढे केला, तर तुमची मुलगी विचारेल, "आणि पहाटेचा?" हा प्रश्न सुचायला काठावरच जावं लागतं.

तुमची काळजी मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि गाईडना भेटायचंच असेल तर तिच्यासाठी भेटा. आमच्या वेळी एकदा आम्हा दोघी मुलींना सकाळी नदीवर सोडून गाडी परत गेली. दिवसभर लघवीला जायची सोय नव्हती, म्हणून आम्ही पाणीच प्यायलो नाही. मैत्रीण दुपारी चक्कर येऊन बसली. तेव्हा कुणाला सांगायचीही लाज वाटली. तुमच्या मुलीवर ती वेळ येऊ नये. ती एकटी जात नाही ना? वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी ठरलंय का? प्रवासखर्च विभाग देतो की तिच्या खिशातून जातो? हे स्पष्ट विचारा. गमबूट आणि हातमोजे हवेतच. पायाला जखम असताना पावसाळी पाण्यात उतरू नये, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. नंतर ताप आला तर डॉक्टरांना "नदीच्या पाण्यात उतरले होते" हे आवर्जून सांगायचं. आणि नदी पात्राबाहेर असेल त्या दिवशी नमुना नाही म्हणजे नाही. एक तारीख चुकली तर प्रोजेक्ट बुडत नाही.

नोकरीचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी आसपासच्या पाणी, हवा, मातीची प्रत्यक्ष मोजणी द्यावी लागते. ती करणाऱ्या सल्लागार संस्था आणि प्रयोगशाळांना नमुना नीट घेता येणारी माणसं लागतात. प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकाऱ्याचं पद असतं, पण भरती दरवर्षी निघेल याची खात्री नाही, त्यावर सगळी मदार ठेवू नका. संशोधनात जायचं असेल तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी आत्तापासून करू दे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. मुलाखतीत तिने फील्डची वही सोबत न्यावी. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, सगळं लिहिलेली, डाग पडलेली तीच वही, फेअर करून नव्हे.

पुढच्या फेरीला जमलं तर तुम्हीही सोबत जा. डबा न्या, बाटल्यांना लेबलं लावायला हातभार लावा. साका कुठल्या रंगाचा धरला, हे ती स्वतःच तुम्हाला दाखवेल.