कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरवर '16 मे 1843' कोरलंय, दुकानदार 1,900 डॉलर मागतोय. घ्यावं का?

तुम्ही विचारलंय ते असं: ओहायोतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेखाली ठासणीचं रिव्हॉल्व्हर आहे. चिठ्ठीवर 'अस्सल कोल्ट नेव्ही, 1843' लिहिलंय. सिलिंडरवर जहाजं आणि ती तारीख कोरलेली आहे. दुकानदार म्हणतो, अमेरिकेच्या यादवी युद्धात एका कॅप्टनच्या कमरेला होतं.

आधी त्या 1843 चं बघू. ते बनवल्याचं साल नाहीच. टेक्सासचं आरमार आणि मेक्सिकोचं आरमार यांच्यात कॅम्पीचेजवळ जी लढाई झाली, तिची ती तारीख. वॉटरमन ऑर्म्सबी नावाच्या कोरीवकाम करणाऱ्यानं तो देखावा तयार केला आणि कोल्ट कंपनीनं तो या मॉडेलच्या प्रत्येक सिलिंडरवर उमटवला. हे मॉडेल निघालं 1850 च्या सुमारास आणि 1873 पर्यंत चाललं. कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्यात दोन लाखांहून जास्त नग बनले. तेव्हा ते काही दुर्मीळ नाही. आणि चिठ्ठीवर 1843 लिहिणाऱ्या दुकानदाराला एक तर माल कळत नाही, नाहीतर गिऱ्हाइकाला कळत नाही याची त्याला खात्री आहे. पहिला असेल तर तुमचा फायदाही होऊ शकतो.

दुकानात गेल्यावर हात लावायच्या आधी परवानगी घ्या, आणि ते भरलेलं आहे असं समजूनच हाताळा. माळ्यावर पडलेल्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दीडशे वर्षांनी दारू-गोळी सापडते, हे ऐकून सोडून द्यायचं नाही. घोडा (मागचा हातोडीसारखा भाग, ट्रिगर नव्हे) अर्धा मागं ओढला की सिलिंडर मोकळा फिरतो. मागं केप (घोडा पडला की ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्या) लागलेल्या नाहीत ना ते बघा, मग बाजूनं विजेरी मारून सिलिंडरमधले दारू-गोळीचे कप्पे तपासा. नळीसमोर तोंड नेऊ नका. नळीच्या रेषेतला कप्पा दिसत नाही, त्यासाठी लाकडाची बारीक काडी नळीतून आत घालून किती खोल जाते ते बघायचं; कप्प्याच्या तळापर्यंत गेली पाहिजे.

आता पितळ. तुम्ही लिहिलंय 'पितळेचा भाग चमकतो', पण कुठला भाग? मुठीची पट्टी आणि ट्रिगर गार्ड पितळी असेल तर ठीक, मुळात त्यावर चांदीचा मुलामा असायचा. पण सिलिंडर ज्यात बसतो ती फ्रेमच पितळी असेल तर पैसे खिशातच ठेवा. कोल्टची फ्रेम लोखंडी. पितळी फ्रेमची 'नेव्ही' म्हणजे बहुतेक वेळा इटलीतली नक्कल. (दक्षिणेकडच्या राज्यांसाठी जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिलला पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हरं बनली खरी, पण त्यांची नळी पुढे गोल आणि सिलिंडर कोरा. शिवाय तसं खरं सापडलं तर ते 1,900 ला कुणी काचेखाली पडू देणार नाही.)

इटालियन नकला 1950 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाल्या आणि आता त्यातल्याही काही साठ-पासष्ट वर्षं जुन्या झाल्यात, म्हणून दिसायला चांगल्याच मुरलेल्या असतात. नळीच्या खालची बाजू, ठासणीचा दांडा झाकतो ती जागा भिंगानं बघा. चांदणी आणि तिच्याखाली 'पीएन', किंवा चौकटीत रोमन आकडे वा दोन अक्षरं दिसली तर तो इटलीतल्या चाचणीचा शिक्का. लबाड माणूस हे शिक्के घासून काढतो, धातूला आम्लानं जुनं करतो. पण घासल्यावर तिथं किंचित खळगा पडतो. नळी आडवी धरून तिच्या सपाट बाजूवर खिडकीचा उजेड पाडा, उजेडाची रेघ जिथं वाकते तिथं काहीतरी खोडलंय. खुद्द कोल्टनंही 1971 पासून काही वर्षं हे मॉडेल पुन्हा काढलं होतं, तेही लक्षात असू द्या.

एवढ्यातून पार पडलं तर नंबर. माझ्या मते किमतीचा अर्धा निकाल इथंच लागतो. रिव्हॉल्व्हर उलटं धरलं की खाली एका ओळीत चार ठिकाणी एकच नंबर दिसला पाहिजे: नळीचा बुंधा, फ्रेम, ट्रिगर गार्ड, मुठीचा तळ. शिवाय सिलिंडरवर, आणि नळी अडकवणाऱ्या पाचरीवर. पाचर हरवून बदललेली असणं नेहमीचंच, त्यावरून नाक मुरडू नका. सिलिंडरचा नंबर मात्र जुळलाच पाहिजे.

हे मी पैसे मोजून शिकलोय. पेन्सिल्व्हेनियात नवीन असताना एका प्रदर्शनात मी असंच नेव्ही घेतलं. खालचे चारही नंबर बरोबर, सिलिंडरही बरोबर, शेवटचा आकडा 8. घरी टेबलावरच्या दिव्याखाली भिंग लावलं तेव्हा दिसलं, 8 ची उजवी बाजू जुनी, कडा झिजलेली, आणि डावी बाजू खोल, तिच्या तळाशी लख्ख धातू. कुणीतरी 3 चा 8 केला होता. सिलिंडर दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा. पुढे ते खरं काय ते सांगून विकलं आणि सहाशे डॉलरला खोट खाल्ली. विकणाऱ्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

नंबरावरून यादवी युद्धाचा दावाही तपासता येतो. 1861 मधले नंबर ढोबळमानाने 98 हजारांपासून सुरू होतात आणि 1865 मध्ये 1 लाख 80 हजारांच्या आसपास जातात. या टप्प्यात असेल तर 'युद्धकाळातलं' म्हणता येईल. कॅप्टनच्या कमरेचं म्हणायला मात्र कागद हवा: नावाचं पत्र, पावती, काहीतरी. नुसत्या गोष्टीचा मी एक डॉलरही देत नाही.

राहिली अवस्था. इथं आपली सवय आड येते. आपण दसऱ्याला शस्त्रं घासूनपुसून लख्ख करणारी माणसं, आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला घासणं म्हणजे किंमत उतरवणं. मूळ निळी झाक (कारखान्यात लोखंडाला दिलेला निळसर रंग) कोपऱ्याकोपऱ्यात उरली असेल तर सोनं. सगळं तपकिरी पडलेलं पण हात न लावलेलं, तेही उत्तम. पण अष्टकोनी नळीच्या धारा गोलसर झाल्यात, अक्षरं उथळ आहेत, आणि गंजाच्या खड्ड्यांच्या आतसुद्धा निळा रंग दिसतोय, तर ते पॉलिश करून पुन्हा रंगवलंय. सिलिंडरवरची जहाजं स्पष्ट असणं चांगलं, कारण तो देखावा मुळातच उथळ असतो आणि सगळ्यात आधी झिजतो.

माझ्या पाहण्यात झाक गेलेली पण नंबर जुळणारी, यंत्र नीट चालणारी नेव्ही हजार ते दोन हजार डॉलरच्या मध्ये जातात. म्हणजे तुमचे 1,900 वरच्या टोकाला आहेत. लिलावातले आकडे बघणार असाल तर कुठला आकडा बोलीचा आणि कुठला वरचं कमिशन धरून, ते तपासा.

कायद्याचं थोडक्यात: 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र अमेरिकेच्या संघीय कायद्यात 'अँटिक' धरलं जातं, पण राज्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा आपल्या राज्याचा नियम वाचून घ्या. आणि पुण्याच्या घरी भिंतीवर लावायला न्यायचा विचार असेल तर तो सोडा. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात, दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला सूट आहे, आणि हे तर नवीन केप लावली की वाजेल.

खालच्या चार नंबरांचा, सिलिंडरच्या नंबराचा आणि नळीच्या खालच्या बाजूचा फोटो काढता आला तर इथं टाका. ते बघून किती कमी करून मागायचं ते सांगतो.